पुरावा फुकट, पुस्तिका ८० रुपये

आजचा धागा नेहमीसारखा नाही. किल्ला, लढाई, नाणे, ताम्रपट यांपैकी काहीही त्याच्या केंद्रस्थानी नाही. एक शिलालेख आहे, पण तो माझ्या एका चुकीच्या निमित्ताने आला आहे. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

गेली तीन वर्षे मी येथे खानदेशाच्या इतिहासावर लिहिते आहे. लळिंग, सोनगीर आणि थाळनेरचे किल्ले झाले, फारुकी सुलतान झाले, १८२५ साली उभारलेली भिल्ल पलटण झाली, १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे कसे झाले आणि जळगाव-धुळे ही दोन मुख्यालये कशी ठरली, तेही झाले. हे सगळे लेखन विनामूल्य होते आणि त्यात मला आनंद होता. मात्र एम.ए.चे दुसरे वर्ष संपत आले, तसा घरात एक प्रश्न वारंवार येऊ लागला : या लिहिण्याचे पुढे काय?

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी पुस्तिका काढली. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसराचा इतिहास, ६४ पाने, ५०० प्रती, किंमत ८० रुपये. छपाईचा खर्च २४,००० रुपये आला आणि तो दादाने उसना दिला. दादाचे धुळ्यात आग्रा रोडलगत फरसाणाचे छोटे दुकान आहे. केळीचे वेफर्स हा त्याचा मुख्य माल. पैसे देताना त्याने व्याज मागितले नाही, पण सल्ला दिला. तो म्हणाला, “हे बघ, आमच्याकडे गिऱ्हाईक आले की मी दोन वेफर्स हातावर ठेवतो. चव द्यायची, पोट भरायचे नाही. तू धाग्यातच पोट भरतेस. मग पुस्तक कोण घेईल?”

सल्ला मला पटला. आता सांगताना संकोच वाटतो, पण तेव्हा तो मला फार चतुर वाटला होता.

मी पाटणच्या शिलालेखावर धागा लिहिला. शेवटच्या नोंदीत प्रश्न टाकला : भास्कराचार्यांचे गाव खानदेशातले होते का? उत्तर पाटणच्या शिलालेखात आहे. संपूर्ण वाचन पुस्तिकेत. खाली मागणी नोंदवण्याची सोय. पहिल्या आठ दिवसांत ७४ प्रती गेल्या. रोज संध्याकाळी मी आणि आई पाकिटांवर पत्ते लिहीत बसत असू.

नवव्या दिवशी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. चाळीसगाव तालुक्यातले. त्यांनी माझे धागे पहिल्यापासून वाचले होते. ते म्हणाले, “बेटा, आमच्या गावच्या शाळेच्या फलकावर लिहिले आहे की भास्कराचार्यांचा जन्म पाटणला झाला हे सिद्ध झाले आहे. खाली तुझे नाव आहे. मी तुझी पुस्तिका घेतली, वाचली. तिच्यात तर तू तसे म्हटलेले नाहीस. मी मुलांना काय सांगू?”

मी फोन धरून गप्प उभी राहिले. धागा फिरता फिरता त्यातले प्रश्नचिन्ह गळून पडले होते. मी जे उत्तर ८० रुपयांच्या आत ठेवले होते, ते पैसे न देणाऱ्या हजारो लोकांपर्यंत पोहोचले नव्हते. त्यांच्यापर्यंत फक्त माझी हूल पोहोचली होती. आणि ती हूल मी जाणूनबुजून दिली होती, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती.

म्हणून आधी ते उत्तर येथे देते, पूर्ण आणि फुकट.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मधला, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. आपल्या घराण्याचे वास्तव्य सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड नावाच्या गावी होते, असे ते स्वतः सांगतात. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काहीजण ते पाटणच्या परिसरात मानतात, काही अन्यत्र शोधतात.

पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. पुढे कीलहॉर्नने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचे संपादन केले. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याला यादव राजा जैत्रपालाने या नगरातून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, तो सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. (हे चांगदेव म्हणजे मुक्ताबाईंच्या कथेतले योगी चांगदेव नव्हेत. या प्रश्नाचे उत्तर मी आतापर्यंत किमान चाळीस वेळा दिले आहे.) या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोईदेवाने शके ११२८ मध्ये त्या मठाला दान दिले.

म्हणजे भास्कराचार्यांचे घराणे मुलाच्या काळात पाटणशी जोडलेले होते, असे हा लेख सांगतो. नातवाने येथे शाळा काढली, असे सांगतो. भास्कराचार्य स्वतः येथे जन्मले, असे तो कोठेही सांगत नाही. उत्तर एवढेच आहे. चार वाक्यांत मावणारे. ते मी विकायला ठेवले होते.

आता त्या लेखाच्या शेवटाकडे चला, कारण माझ्या डोक्यातून तो भाग तेव्हापासून गेलेला नाही. लेखाचा बहुतांश भाग संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तेथे भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण उघड आहे. वंशाची थोरवी पंडितांसाठी होती. पैसे कोणी किती द्यायचे, हे मात्र बाजारातल्या माणसाला कळायला हवे होते. पाटणच्या पेठेत माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळत असे, ते मठाला द्यावे. विकणाऱ्याकडून मिळणारा वाटाही मठाला. सुपाऱ्यांची मोजणी आहे. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या खानदेशी बाजारातली ती तेलाची पळी मला भास्कराचार्यांच्या वंशावळीइतकीच मोलाची वाटते.

कारण त्या मठात शिकायला येणाऱ्या मुलाने ‘सिद्धान्तशिरोमणि’च्या एका अध्यायाचे किती पैसे दिले, याचा हिशोब त्या दगडावर नाही. हिशोब आहे तो तेल्याचा, सुपारी घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा. गणिताला कुलूप लावायचे आणि किल्ली विकायची, अशी ती व्यवस्था नव्हती. गणित खुले राहावे म्हणून शेजारच्या बाजारातून पैसा वळवला होता. राजाचा हुकूम होता म्हणून ते जमले, हेही खरे. माझ्यापाशी सोईदेव नाही, दादा आहे.

दादाला मी हे सांगितले तेव्हा तो हसला. म्हणाला, “म्हणजे मी घाणेवाला झालो की.” मग थोडा वेळ थांबून म्हणाला, “पण घाणेवाल्याला परत काही मिळत नव्हते. मला माझे २४,००० हवेत.” त्याचेही बरोबर होते.

धुळ्यात राहून इतिहास शिकणाऱ्या माणसाला पैशाचा प्रश्न पडला की पावले राजवाडे संशोधन मंडळाकडे वळतात. माझीही वळली. वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले आणि काही दिवसांतच, १९२७ च्या जानेवारीत, त्यांच्या नावाचे मंडळ येथे उभे राहिले. त्यांच्या हयातीतली दप्तरे, टिपणे आणि कागद येथे जपले गेले. मंडळाने पुढे ‘संशोधक’ हे त्रैमासिक चालवले आणि मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत काढले.

राजवाडे फुकटचे समर्थक होते, असा समज करून घेऊ नका. त्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ १८९८ पासून खंडाखंडाने निघू लागले, एकूण २२ खंड झाले आणि ते विकत घ्यावे लागत. कधी कोल्हापूरच्या विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाले’तून, कधी अन्य मार्गाने, जेथून छपाईचा खर्च निघेल तेथून त्यांनी ते काढले. त्यांच्याही आधी, १८७८ साली पुण्यात का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले होते. बखरी आणि जुनी काव्ये त्यात महिन्या-महिन्याला हप्त्याने छापून येत. वर्गणीदार पुढच्या अंकाची वाट पाहत. ज्याला आपण आज धागा म्हणतो, त्याचे हे जुने रूप. ते सुमारे दहा वर्षे चालले आणि बंद झाले.

पण राजवाड्यांच्या पहिल्या खंडात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १७५० ते १७६१ या काळातली पत्रे त्यात आहेत आणि त्यांना जोडून प्रदीर्घ प्रस्तावना आहे. प्रस्तावनेत राजवाडे पानिपताविषयी आपली मते ठासून मांडतात. त्यांच्या स्वभावात मवाळपणा नव्हता. त्यांचे कित्येक निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी नाकारले. नाकारता आले, कारण ज्या पत्रांवरून राजवाड्यांनी ते काढले होते ती पत्रे त्याच बांधणीत पुढे छापलेली होती. ज्याने खंड घेतला त्याच्या हाती राजवाड्यांचे मत आणि राजवाड्यांना खोटे पाडण्याचे साधन एकदमच आले.

मी नेमके उलटे केले होते. मत वाऱ्यावर सोडले आणि साधन पाकिटात घातले.

गंमत अशी की नंतरच्या पिढ्यांनी त्या प्रस्तावना वेगळ्या काढून त्यांचे स्वतंत्र पुस्तक केले. मूळ पत्रे वाचणारे थोडे, प्रस्तावना वाचणारे पुष्कळ. वाचकाला हवी असते ती कोणीतरी लावलेली संगती. हे मला माझ्या पुस्तिकेच्या बाबतीतही ओळखता यायला हवे होते. मी वापरलेले साधन कोणते? १८८० सालचे खानदेश गॅझेटियर, म्हणजे मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड, इंटरनेटवर फुकट मिळतो. ‘एपिग्राफिया इंडिका’चा पहिला खंड फुकट मिळतो. मराठी विश्वकोश फुकट आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. जे मला फुकट मिळाले त्यालाच मी कुंपण घालत होते. माझे स्वतःचे त्यात काय होते? चाळीसगावहून पाटण्यापर्यंत केलेल्या सहा फेऱ्या, एक हाताने काढलेला नकाशा, छायाचित्रे आणि हे सारे एका ओळीत लावण्याचे श्रम. विकण्याजोगे तेवढेच होते, आणि ते पुरेसे होते.

येथे काही वाचक साने गुरुजींची आठवण काढतील, म्हणून आधीच सांगते. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. रोज हाताने लिहायचे, मुलांनी वाचायचे. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले आणि तेथे छपाई आली. १९५० साली गुरुजी गेले. कायद्याप्रमाणे साठ वर्षे उलटून २०११ पासून त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले झाले. ‘श्यामची आई’ आज विकिस्रोतावर कोणालाही फुकट वाचता येते. तरी अनेक प्रकाशक ती छापतात आणि लोक विकत घेऊन भाच्यांना, पुतण्यांना भेट देतात. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन भरले तेव्हा ग्रंथदालनात मी फिरत होते. शेजारी एक बाई दुकानदाराला अहिराणीत विचारत होत्या, “पुस्तक कितलाले शे?” त्यांच्या हातात ‘श्यामची आई’च होती. तेच पुस्तक त्यांच्या मोबाइलवर एका पैशाशिवाय उघडले असते. भेट द्यायला मात्र कागदच लागतो.

अर्थात ‘श्यामची आई’चा दाखला माझ्या पुस्तिकेला लावणे हास्यास्पद आहे, हे मला कळते. गुरुजींना वाचक आधी मिळाले होते. पाटणादेवीवरच्या ६४ पानांची वाट कोणीच पाहत नव्हते.

तर त्या फोननंतर मी काय केले ते सांगते. त्याच रात्री शिलालेखाचे पूर्ण वाचन, वंशावळ आणि मतभेद, सगळे धाग्याला जोडून टाकले आणि जुन्या नोंदीवर ‘हा प्रश्न फसवा होता’ असे स्वतःच लिहिले. दोन वाचकांनी पैसे परत मागितले; एकाने स्पष्टच लिहिले की पुस्तिकेतले सगळे आता फुकट दिल्यावर मी ८० रुपये कशाचे दिले? दोघांचेही पैसे परत केले. मागणी जवळजवळ थांबली. तीन आठवड्यांत चार प्रती गेल्या. आई काही बोलली नाही, पण पाकिटांचा गठ्ठा तिने कपाटात ठेवून दिला.

मग हळूहळू काही प्रती जाऊ लागल्या, आणि घेणारे वेगळे होते. चाळीसगावच्या त्या गुरुजींनी ११ प्रती मागवल्या. सहलीला नेणाऱ्या मुलांच्या हाती नकाशा असावा म्हणून. नाशिकच्या एका वाचकाने लिहिले की धागा वाचून झाला आहे, पण वडिलांना मोबाइलवर वाचवत नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका भडगावच्या मुलाने तीन प्रती घेतल्या आणि कारण सांगितले नाही. ज्यांनी आधी सगळे फुकट वाचले होते तेच बहुतेक घेत होते. याला मी नियम म्हणणार नाही. एवढ्या थोड्या प्रतींवरून नियम बांधणे ही पुन्हा तीच चूक होईल.

सध्याची माझी वाटणी अशी आहे. जे विधान मी जाहीरपणे करीन, त्याचा पुरावा त्याच ठिकाणी, त्याच धाग्यात, पैशाशिवाय. छापील पुस्तिका, मोठा नकाशा आणि हिवाळ्यातली पाटण्याची पायी फेरी यांना पैसे. फेरीत माझा अख्खा दिवस जातो, म्हणून तिचे शुल्क घेताना मला आता अवघडत नाही. पहिल्या वेळी मात्र मी पैसे मागायला इतकी लाजले की दादाने सोबत येऊन ते गोळा केले. वर्गणी घेऊन काही धागे फक्त वर्गणीदारांना द्यावेत, असे दोन मित्रांनी सुचवले. चित्रकथा किंवा प्रवासवर्णन असते तर मी कदाचित केले असते. इतिहासातल्या वादाची अर्धी बाजू भिंतीआड ठेवायची माझी आता छाती होत नाही.

दादाचे मत अजूनही वेगळे आहे. चव देण्याचा त्याचा नियम त्याच्या दुकानात खराच आहे : हातावरचे दोन वेफर्स आणि पिशवीतले वेफर्स एकाच कढईतले असतात, चव घेणाऱ्याची फसवणूक होत नाही. हे मीच त्याला म्हटले, तेव्हा तो म्हणाला, “मग तू कढई बदलली होतीस, असे म्हण की.” मी तसेच म्हणते.

हिशोब असा : ५०० प्रतींपैकी २६ मी वाचनालयांना आणि ज्यांनी मदत केली त्यांना भेट दिल्या. परत आलेल्या वजा जाता १९७ विकल्या गेल्या, त्यांचे १५,७६० रुपये झाले आणि ते सगळे दादाला दिले. त्याचे ८,२४० रुपये अजून देणे आहे. उरलेल्या २७७ प्रती दुकानाच्या माळ्यावर, वेफर्सच्या खोक्यांशेजारी आहेत. त्यामुळे काही पाकिटांना किंचित तळणाचा वास येईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

शाळेच्या फलकावरचे वाक्य गुरुजींनी मुख्याध्यापकांना सांगून बदलून घेतले. नव्या वाक्याचे छायाचित्र त्यांनी मला पाठवले आहे. त्यात आता ‘नातवाने मठ स्थापला’ असे आहे, आणि माझे नाव काढलेले आहे.

पुढचा धागा रविवारी. शिलालेखातल्या जुन्या मराठी भागातला प्रत्येक शब्द एकेक करून वाचू : आधी सुपाऱ्या, मग तेलाची पळी.